नलूबाईचा चालता संसार

नालवाडीत दुपारी चार बायका तूर निवडायला बसल्या, की बोलणं कुठूनही सुरू होवो, शेवटी ते नलूबाईच्या ट्रकापाशी येऊन थांबायचं. ऐकून ऐकून बायकांना ती गोष्ट पाठ झाली होती. एखादी मुद्दाम हसत विचारायची, "मंग नलूबाई, त्या तेलुगू बाईनं ताक देल्लं का नाई?" नलूबाईला त्यातली थट्टा कळायची, पण राग यायचा नाही. सुपातले खडे बाजूला सारत ती पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागायची.

लग्न झालं तेव्हा बबनराव हिंगणघाटच्या एका जिनिंगवर ट्रक चालवायचे. कापसाच्या गाठी भरायच्या आणि थेट खाली तिरुपूरकडे निघायचं. एकदा गेला माणूस की घरच्यांनी वाट बघत बसायचं. नव्या नवरीला ते वाट बघणं जड गेलं. तिने एकदाच, तेही भाकरी वाढता वाढता, विचारलं होतं, "मले नाई का नेता येत?" सासूने नाक मुरडलं. बाईमाणसाने ट्रकात बसायचं म्हणजे काय, लोक काय म्हणतील. बबनराव जेवून उठले, हात धुतले आणि म्हणाले, "इच्या माहेरापासून आपल्या गावापरेंत एक रस्ता पाह्यला इनं. अजून एक पाहू द्या."

आणि नलू गेली.

त्या एका खेपेवर तिचा सगळा जन्म तगून होता म्हटलं तरी चालेल. केबिनमध्ये झेंडूची माळ, समोर लांबच लांब रस्ता, मागे गाठींचा डोंगर. पैनगंगा ओलांडली आणि पाट्यांवरची अक्षरं बदलली, तेव्हा तिला इतकं हसू आलं की बबनरावांनी गाडी बाजूला घेऊन विचारलं, काय झालं. ती म्हणाली, "आतापरेंत मी शिकली नाई म्हणून वाचता येत नव्हतं. आता तुमालेई येत नाई." निर्मल गावाच्या अलीकडे एका चिंचेखाली विहीर होती. तिथे नलूने अंघोळ केली, पातळ धुतलं आणि गाठींवरच्या दोराला बांधलं. निर्मलला धुतलेलं पातळ आर्मूरला वाळलं. वाटेतल्या गावांनी ते फडफडणारं हिरवं पातळ पाहिलं असेल. त्याच विहिरीवरच्या बाईने तिला लोटाभर ताक दिलं होतं. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. तरी बराच वेळ त्या बोलल्या.

पुढे दिवस गेले, लेक झाला, मग सासूला अर्धांगवायूने धरलं. घर, गोठा, दुखणं यांच्यातून नलूबाईचा पाय निघाला नाही. बबनराव मात्र जात राहिले. परत आले की ती पाण्याचा तांब्या हातात देतानाच विचारायची, "ते विहीर दिसली का?" ते म्हणायचे, "दिसली. तुह्याबद्दल पुसत होती." इतकी वर्षं हेच बोलणं होत राहिलं आणि त्यातच दोघं म्हातारी झाली. बबनरावांच्या डोळ्यांवर पडदा आला, स्टिअरिंग सुटलं. ट्रकातली एक घोंगडी तेवढी घरी उरली. तिला कितीही ऊन दाखवलं तरी डिझेलचा वास जात नव्हता, आणि तो जाऊ नये असंच नलूबाईला वाटायचं.

मुलगा पियुष पुण्याला एका प्रवासी कंपनीत होता. तिथे त्याने कॅराव्हॅन पाहिली. आत झोपायला पलंग, छोटं स्वयंपाकघर, हात धुवायला बेसिन, असं चाकावरचं घर. लोक ते भाड्याने घेऊन कुटुंबासह फिरायला जातात. त्याने ठरवलं, आपण हेच वर्ध्यात करू. ताडोबा आहे, बोर धरण आहे, सेवाग्रामला लांबलांबून लोक येतात. नोकरी सोडून तो आणि त्याची बायको काजल घरी आले. गाडीची बांधणी नागपूरच्या पलीकडच्या एका कारखान्यात झाली.

गाडी आणायला सगळं घर गेलं. त्याच दिवशी तिथून दुसरीही एक तशीच गाडी निघणार होती. ती आर्वीच्या बापूरावांची. बापूराव शाळेतून निवृत्त झालेले. त्यांची बायको रुख्माबाई. दोन्ही गाड्या शेजारी उभ्या होत्या. नारळ फुटले, हळदीकुंकू लागलं, आणि पुरुष कागदांवर सह्या करत होते तोवर दोन्ही बायका गाडीच्या पायरीवर बसून गप्पांना लागल्या. नलूबाईने फराळाच्या डब्यातून मुंगवड्यांची भाजी नेली होती. रुख्माबाईने ती चाखली आणि म्हणाली, "मले तुमचा नंबर द्या बाई. हे कशी करता ते पुसतो मी घरी गेल्यावर." काजलने दोघींचे नंबर एकमेकींच्या फोनमध्ये टाकून दिले.

घरी येताना पियुषने आईला पुढे बसवलं. "आई, पहिली चक्कर तुही. तू म्हणशीन तठी."

तिने एका क्षणात सांगितलं, "निर्मल."

बबनराव मागून म्हणाले, "मले माईतच होतं."

निघायचं ठरलं संक्रांतीच्या आठवड्यात. थंडी चांगलीच पडली होती. सकाळी पियुषने गॅसचं नवं सिलिंडर गाडीत बसवलं. त्याच्यासाठी ओट्याखाली वेगळं कपाट होतं, कारखान्याच्या माणसाने दाखवलं होतं तसं त्याने रेग्युलेटर लावलं. काजलने आतल्या आरशाला मोगऱ्याच्या वासाची पुडी टांगली. नलूबाईने एका पिशवीत तिळाचे लाडू घेतले, कारण काजलचं माहेर समुद्रपूरला. तिथे वाण देऊन जामला यायचं आणि हायवे धरायचा, असा बेत होता.

समुद्रपूरला लाडू दिले, घेतले, चहाला थांबा म्हणून आग्रह झाला. पण पियुष म्हणाला, "नाई, चहा गाडीतच. पहिला चहा आईच्या हातचा." त्याच्या आवाजातलं कौतुक ऐकून नलूबाईला भरून आलं. तिच्या तरुणपणी ट्रकातून उतरून, दगड मांडून, वाऱ्याला पाठ देऊन चहा करावा लागायचा. आणि आज लेकाने तिला चालत्या घरात ओटा दिला होता.

वाटेत तिला एकदा वास आल्यासारखा वाटला. कुजलेल्या लसणासारखा. ती म्हणाली, "काजल, काई सडलं का गं डब्यात?"

काजलने डबे उघडून पाहिले. "नाई आई. नवीन प्लाय हाये ना, त्याचा वास असंन."

नलूबाईलाही तसंच वाटलं. नव्या गाडीला नव्या लाकडाचा, गोंदाचा, रेक्झिनचा वास येतोच. वर मोगऱ्याची पुडी. गार वारं लागतं म्हणून काचा सगळ्या बंद होत्या. डोकं जरा जड झालं होतं, ते तिने प्रवासाने झालं असेल म्हणून सोडून दिलं.

जामच्या चौरस्त्यावर नेहमीची गर्दी होती. नागपूरकडून आलेल्या गाड्या, चंद्रपूरकडे वळणाऱ्या बसगाड्या, संत्र्यांच्या ढिगापाशी उभे ट्रक. पियुषने थोडं पुढे जाऊन एका ढाब्याच्या बाजूला, कडुनिंबाखाली गाडी लावली. बबनराव पाय मोकळे करायला उठले आणि दारातच उभे राहिले. त्यांना रस्त्यावरच्या ट्रकांचे आवाज ऐकायला आवडायचे. गाडी दिसली नाही तरी इंजिनावरून ते कंपनी ओळखायचे.

नलूबाईने पातेल्यात पाणी घेतलं. चहापत्तीचा डबा ओट्याखाली होता म्हणून वाकून खालचं कपाट उघडलं. डबा वर ठेवला. शेगडीची कळ फिरवून लायटर दाबलं.

आवाज झाला नाही. झाला असेल तर तिला ऐकू आला नाही. तिला दिसला तो निळा जाळ. शेगडीवर नाही, खाली, तिच्या पायांभोवती, पसरत गेलेल्या पाण्यासारखा. क्षणभर तिला आपण काय पाहतो आहोत तेच कळलं नाही. मग पातळाचा काठ पिवळा झाला.

बबनराव दारातच होते म्हणून बरं. नजर अधू, गुडघे दुखते, पण त्यांनी दंडाला धरून तिला असं ओढलं की दोघंही पायरीवरून खाली मातीत पडले. थंडीसाठी खांद्यावर घेतलेली ती जुनी घोंगडी तिच्या पायांवर टाकून त्यांनी हातांनी दाबून धरली. पियुषने आत शिरून सिलिंडरची कळ बंद केली. त्याच्या हाताचे केस जळाले. काजल ढाब्याकडे धावत गेली. ढाब्याचे गोपालभाऊ पाण्याची बादली घेऊन आले आणि नलूबाईच्या पायावर सावकाश पाणी ओतत राहिले. "ओतू द्या काकू," ते म्हणत होते, "थंड होऊ द्या, पाय हालवू नोका."

सुती पातळ होतं म्हणून ते अंगाला चिकटलं नाही. डावं पाऊल आणि पोटरी भाजली, उजव्या पायाला थोडी झळ लागली. जाळ आला तसा विझला. ओट्याखालचा प्लाय काळा झाला होता, पडद्याची एक बाजू गोळा होऊन लोंबत होती. मोगऱ्याची पुडी तशीच लटकत होती.

जामलाच एका डॉक्टरकडे मलमपट्टी झाली. डॉक्टर म्हणाले, भाजणं वरवरचं आहे, भरून येईल. नलूबाई बाकावर पाय पसरून बसली होती. पियुष दारापाशी उभा राहून कारखान्यात फोन लावत होता. त्याचा चेहरा पाहून तिला स्वतःच्या पायापेक्षा त्याचंच जास्त लागलं. लहानपणी हातातून दूध सांडलं की तो असाच दिसायचा.

फोनवरचा माणूस काय म्हणतो ते सगळ्यांना ऐकू येत होतं. नवीन गाडीत थोडा वास येतो. रस्त्यावर हादरे बसतात, एखादी क्लिप ढिली होते. घट्ट करून घ्या, नाहीतर गाडी इकडे आणून द्या, पाहून देऊ.

"माह्या आईचा पाय जळला," पियुष म्हणाला.

मग तो माणूस म्हणाला, साहेबांशी बोलून कळवतो.

बबनराव खाली बघत म्हणाले, "गॅस जड असते. हवेखाली बसते. म्हणून तो तुह्या पायात होता." काजल त्यांच्यासाठी पाणी घेऊन आली, ते त्यांनी घेतलं नाही.

आणि मग नलूबाईला रुख्माबाई आठवली.

"पियुष," ती म्हणाली, "ते दुसरी गाडी आपल्याच संगं निंघाली होती ना? तीई तेच लोकाइनं बनवली."

पियुषने लगेच कारखान्यात परत फोन लावला. बापूरावांचा नंबर मागितला. तिकडून उत्तर आलं की गिऱ्हाइकाचा नंबर असा देता येत नाही. पियुष वाद घालायला लागला, तेवढ्यात नलूबाईने काजलला सांगितलं, "माह्या फोनात हाये पाह्य तिचा नंबर. तूच टाकून देल्ला होता."

पहिल्यांदा फोन कोणी उचलला नाही. दुसऱ्यांदा लागला.

"हां, नलूबाई," रुख्माबाईचा आवाज झोपाळलेला होता. "तुमचीच याद करत होतो. त्या मुंगवड्या..."

"बाई, तुमी कुठी हा?"

"आमी बोर धरणावर आलो ना. सकाळीच आलो. नातवंडं हायेत संगं. हवा लय गार हाये, म्हणून गाडीतच बसून हावो. लेकरं तं मागं झोपलेच. डोकं दुखते म्हणत होते दोघंई."

नलूबाई बाकावर सरळ झाली. पण आवाज तिने चढू दिला नाही. आजारी सासूशी इतकी वर्षं बोलून तो तिला साधला होता.

"माहं ऐका. आता काई पुसू नोका. लेकराइले उचला आन् बाहेर निंघा. शेगडी लावू नोका, पंखा नोको, दिवा नोको. एक बटन दाबू नोका. सगळे दारं उघडे टाका. बाहेर, दूर जाऊन मले फोन करजा."

"काऊन, काय झालं?"

"गॅस हाये गाडीत. निंघा."

फोन कटला की पडला, कळलं नाही. बाहेरून एक ट्रक उतारावर गिअर टाकत गेला. बबनरावांनी बायकोचा हात धरला. चारचौघांत त्यांनी तो कधी धरला नव्हता. धरून ठेवला आणि मग सोडलाच नाही. नलूबाई फोनच्या काळ्या काचेकडे बघत राहिली. तिला उगाच ती विहीर आठवत होती. ती बाई काय बोलत होती ते आपल्याला कळलं नव्हतं, आणि तरी आपण मान हलवत राहिलो होतो. आपलं बोलणं तिकडे नीट पोचलं का?

फोन वाजला. काजलने स्पीकर लावला.

"निंघालो," रुख्माबाई म्हणाली. तिला धाप लागली होती. मागून लेकरं रडत होती. "लहान्यानं उलटी केली. पण आता बरा हाये, पाणी पिऊन राह्यला. याइनं ओट्याखालचं उघडून पाह्यलं, बाई, नाकाशी हात न्या लागला. तो रबरी पाइप जो हाये, तो आतून सुटलेलाच होता." ती थांबली. "चहा ठेवणार होतो मी. लेकरं उठले की."

नलूबाई फोनशी वाकून म्हणाली, "उन्हात बसा. तिकडे लय सावली असंन."

निर्मल राहिलं. सगळे जामवरून परत घरी आले. पुढच्याच आठवड्यात एका नागपूरच्या कुटुंबाने ती गाडी भाड्याने घ्यायची ठरवली होती. पियुषने त्यांना फोन करून नाही सांगितलं. कारण सांगताना त्याने काही लपवलं नाही. त्या दिवसांत तो ओसरीत बसून गाडीकडे बघत राहायचा. एकदा म्हणाला, "आई, तुले सुख द्याले गेलो मी."

"देल्लं ना," ती म्हणाली. "समुद्रपूरपरेंत कितीक हसलो आपण." तो हसला नाही, पण उठून जेवायला बसला.

पाय थोडा टेकता यायला लागला, तेव्हा दोन्ही घरं मिळून, सिलिंडर उतरवलेल्या आपापल्या गाड्या घेऊन, कारखान्यात गेली. नलूबाईने घरी थांबावं असं सगळ्यांचं म्हणणं होतं. ती चप्पल न घालता, पट्टीवर मोजा चढवून निघाली. बापूराव आर्वीहून नातवंडांना घेऊनच आले होते.

कारखाना चालवणारा मुलगा पियुषच्याच वयाचा, अंकुश नावाचा. त्याने सगळ्यांना बसायला खुर्च्या दिल्या, चहा मागवला. म्हणाला, प्रत्येक गाडी आम्ही तपासूनच देतो. पियुष म्हणाला, "मग आमच्यासमोर एकदा पाह्य." अंकुश दोन्ही गाड्यांपाशी गेला. गुडघे टेकून ओट्याखाली बॅटरीचा उजेड टाकला. बराच वेळ तो तसाच होता.

सिलिंडरच्या कपाटाला खाली एक भोक हवं, गळलेला गॅस गाडीबाहेर जायला. ते पाडलंच नव्हतं. पियुषच्या गाडीत पाइप जिथून भिंतीतून जातो तिथे पत्र्याची धार तशीच उघडी होती, त्यावर रबर घासून चिरलं होतं. बापूरावांच्या गाडीत जोडावर क्लिप होती, पण ती पिळलेलीच नव्हती, नुसती घातली होती. आणि एवढंच नव्हतं. पाण्याची टाकी पाझरत होती, पलंगाखालचा प्लाय फुगला होता, एक दार हलक्या झटक्याने उघडत होतं. सगळं वरून चकचकीत, हात लावला की ढिलं.

अंकुश उठला. पँटीला लागलेली धूळ त्याने झटकली नाही. "गॅसचं काम करणारा माणूस दिवाळीत सोडून गेला," तो म्हणाला. "संक्रांतीच्या आधी गाड्या द्यायच्या होत्या. नळाचं काम करणाऱ्याकडून जोडून घेतलं. मी नंतर पाहिलं नाही."

बापूरावांचा आवाज चढला. शाळेत पोरांवर चढत असेल तसा. त्यांचा नातू घाबरून आजीच्या मागे गेला. बबनरावही काहीतरी बोलायला लागले. नलूबाई खुर्चीत बसून होती. तिने सगळ्यांना बोलू दिलं. मग म्हणाली, "बाबू, मी भांडाले नाई आली. मले एवढंच सांग, अशा अजून किती लोकाइनं नेल्या? ते आता कुठी हायेत?"

अंकुशने तिच्या मोज्याकडे पाहिलं.

"सांगत नसशीन तं नोको सांगू," ती म्हणाली. "पण त्याइले तू फोन लाव. आत्ता. आमी बसतो."

त्याने खिशातून फोन काढला. त्यांच्यासमोर, उभ्या उभ्याच, तो एकेकाला लावत गेला. पहिल्याला बोलताना त्याची जीभ अडखळली. आमच्याकडून चूक झाली आहे, गॅस बंद करा, सिलिंडर उतरवून बाहेर ठेवा. पुढच्यांना सांगताना आवाज सरळ झाला. एक गाडी गोव्याच्या वाटेवर होती. तिच्या मालकाने ओरडून त्याला शिव्या दिल्या, त्या सगळ्यांना ऐकू आल्या. अंकुश ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "हो. बरोबर आहे तुमचं. पण सिलिंडर आधी उतरवा."

चहा गार झाला होता. रुख्माबाई तोच उचलून प्यायली.

दोन्ही गाड्या कारखान्यातच राहिल्या. गॅसचं कपाट नव्याने झालं, आता त्याचं दार बाहेरच्या बाजूने उघडतं. वास आला की कर्कश वाजणारं एक यंत्र आत बसवलं. जोड तपासायला गॅसच्या कामाचा परवाना असलेला माणूस आला. पियुष या सगळ्या वेळी तिथे उभा राहिला आणि मग त्याने स्वतः गाडी खडबडीत रस्त्यावर हाणून आणून पुन्हा सगळं पाहिलं. एवढं करूनही आईला त्या गाडीत बसवायला त्याचं मन होईना. शिमगा झाला, उन्हं तापायला लागली, तरी तो निर्मलचं नाव काढेना. शेवटी नलूबाईनेच एका सकाळी पिशवी भरली आणि गाडीच्या पायरीवर जाऊन बसली. पियुषने विचारलं, "कुठी निंघाली?" ती म्हणाली, "तू येऊन राह्यला का मी आर्वीच्या बाईसंगं जाऊ?"

आर्वीची बाईही येणार होती. दोघींनी फोनवर केव्हाच ठरवलं होतं. दोन्ही गाड्या मागेपुढे निघाल्या.

रस्ता ओळखू येत नव्हता. चार पदरी झाला होता, गावं उड्डाणपुलांखाली गेली होती. वडनेर कधी गेलं कळलं नाही. पैनगंगा ओलांडली तेव्हा नलूबाईने मान वळवून पाट्या पाहिल्या, अक्षरं तशीच गोल होती. निर्मलच्या घाटात माकडं भेटली. पण ती चिंच, ती विहीर, कुठेच नाही. बबनराव म्हणत होते, घाटाच्या अलीकडे. ती म्हणत होती, नाही, पुढे. पियुषने दोन ठिकाणी गाडी थांबवून विचारलं. एका पेट्रोल पंपावरच्या म्हाताऱ्याने हात असा फिरवला की त्यात सगळा हायवे आला. काजलने सासूकडे पाहिलं, वाईट वाटलं असेल म्हणून. पण नलूबाई म्हणाली, "झाडं का आपल्यासाठी थांबतेत? मले दिसते ना ते, तेवढं पुरे."

निर्मलच्या पुढे, सोन गावच्या पुलापाशी बबनरावांनी स्वतः गाडी थांबवायला सांगितली. खाली गोदावरी होती. उन्हाळ्याची, उतरलेली, पण तरी पात्र केवढं.

"ही काय नदी?" नलूबाईने विचारलं.

"गंगा. गोदावरी," ते म्हणाले. "तवा जाताना भर दुपारी लागली, येताना रातच्याला. दोन्ही वेळा तू झोपली होती. इतकी थकली होती का मले उठवावंसं नाई वाटलं."

"म्हणजे मी पाह्यलीच नाई?"

"नाई."

तिने क्षणभर नवऱ्याकडे पाहिलं. मग काजलचा हात धरून घाटाच्या पायऱ्या उतरायला लागली. डाव्या पावलावरची कातडी अजून गुलाबी होती, तापलेल्या दगडावर ती झोंबत होती. पाण्यात पाय सोडल्यावर बरं वाटलं. पलीकडे कोणी कपडे धूत होतं, त्यांचं तेलुगू बोलणं पाण्यावरून येत होतं. बबनराव एकेक पायरी चाचपत खाली आले आणि तिच्या शेजारी बसले. वरून रुख्माबाईने जेवायला हाक मारली. बापूराव झाडाखाली सतरंजी अंथरत होते. नातवंडं पाण्याकडे यायला धडपडत होती आणि पियुष त्यांना धरून ठेवत होता.

"येतो," नलूबाईने वर ओरडून सांगितलं. आणि तरी ती बराच वेळ उठली नाही.